माडीवरून उतरलेली सारा

आपल्या धर्मग्रामांत तोबीतच्या ग्रंथाची गाठ बहुधा लग्नाच्या दिवशी पडते. विवाहविधीसाठी सुचविलेल्या वाचनांत या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील एक उतारा आहे. नवविवाहित तोबिया आणि सारा पहिल्या रात्री शय्येवरून उठतात, एकत्र उभी राहून परमेश्वराची प्रार्थना करतात आणि शेवटी दोघेही ‘आमेन’ म्हणतात. उतारा लहान आहे, प्रसन्न आहे, वेदीसमोर बसलेल्या वधूवरांना शोभणारा आहे. वाचन संपते, स्तोत्र सुरू होते आणि आपण पुढे जातो. ही सारा कोण, त्या खोलीत कसले भय दाटले होते म्हणून या दोघांना आधी प्रार्थनेला उभे राहावे लागले, हे विचारण्याची ती वेळ नसते.

त्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या अध्यायात आहे. तेथे हीच सारा बापाच्या घराच्या माडीवर एकटी आहे आणि गळफास लावून घेण्याचा विचार करीत आहे. आठवड्यातील मिस्सांच्या वाचनक्रमात हा भाग एक वर्षाआड येतो; रविवारच्या वाचनांत तो येत नाही. त्यामुळे लग्नातील सारा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, माडीवरची सारा ठाऊक नाही. जीव नकोसा झालेल्या माणसाचे इतके सूक्ष्म आणि इतके दयाळू चित्रण आपल्याच पवित्र शास्त्रात असताना त्याकडे आपले लक्ष जाऊ नये, याचे मला नेहमी नवल वाटते. या लेखात त्या चित्रणाकडे वाङ्मय म्हणून पाहावयाचे आहे.

दोन घरे, एक दिवस

तोबीतचा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलच्या जुन्या करारात आहे. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये त्याला स्थान नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याची रचना ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकातील आहे, आणि त्याचे स्वरूप इतिहासाचे नसून बोधकथेचे आहे. कथा घडते ती मात्र त्याहून जुन्या काळात. इस्राएली लोक अश्शूरच्या राज्यात हद्दपार होऊन राहत आहेत. निनवे नगरातील तोबीत हा धर्मशील गृहस्थ. बेवारस पडलेल्या आपल्या बांधवांची प्रेते तो राजाच्या रोषाची पर्वा न करता पुरतो. अशाच एका दफनानंतर तो अंगणातील भिंतीपाशी निजतो, चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडते आणि वैद्यांचे उपचार होऊनही तो आंधळा होतो. चार वर्षे जातात. घर त्याच्या पत्नीच्या, हन्नाच्या, विणकामावर चालते. एके दिवशी मालक तिला मजुरीशिवाय एक करडू भेट देतात. तोबीतला ते चोरीचे वाटते. तो ते परत करायला सांगतो. आणि इतके दिवस सोसलेली हन्ना उसळून विचारते, तुमची दानधर्माची पुण्याई गेली कुठे? तोबीत रडतो आणि देवाकडे मरण मागतो.

त्याच दिवशी, असे म्हणून निवेदक आपल्याला दूर मेदी देशातील एकबताना नगरात नेतो. तेथे रगुएलची एकुलती एक मुलगी सारा हिची सात लग्ने झाली आहेत आणि सातही नवरे पहिल्याच रात्री अस्मोदेव नावाच्या दुष्टात्म्याने मारले आहेत. घरातील दासी तिला म्हणते, नवऱ्यांना मारणारी तूच आहेस. तूही त्यांच्यामागे जा, तुझे मूलबाळ आमच्या दृष्टीस न पडो. सारा माडीवर जाते.

दोन्ही घरांतील रचना सारखी आहे, आणि ती सहज म्हणून आलेली नाही. दुःख जुने आहे. एकीकडे चार वर्षांचा अंधार आहे, दुसरीकडे सात मृत्यू. माणूस मात्र ढासळतो तो घरातल्याच एका वाक्याने. कारण आणि निमित्त यांतील हा भेद या जुन्या कथाकाराने अचूक ओळखला आहे. अशी घटना घडली की आपण निमित्तालाच कारण समजतो. परीक्षेत नापास झाला म्हणून, नवऱ्याशी भांडण झाले म्हणून, असे एका ओळीत सांगून मोकळे होतो. कथाकार तसे करीत नाही. तो दासीला शिक्षा देत नाही, हन्नाला दोष देत नाही. हन्नाचे बोलणे कठोर असले तरी ते थकलेल्या बाईचे आहे, हे तो आपल्याला जाणवू देतो. एका आजाऱ्याच्या घरात आजारी नसलेली माणसेही किती दमलेली असतात, हे करडाच्या प्रसंगात जितके दिसते तितके एखाद्या प्रवचनात दिसणार नाही.

‘आणि जर’

माडीवरचा प्रसंग मोजक्या वाक्यांचा आहे. सारा रडते, वर जाते, मरणाचा विचार तिच्या मनात येतो आणि मग ती थबकते. तिला थांबवते ते काय? दशाज्ञेची आठवण नाही, नरकाचे भय नाही, कोणाचा उपदेश नाही. तिला बाप आठवतो. लोक बापाला म्हणतील, तुझी एकुलती एक लाडकी लेक होती, तिने असे केले. आणि म्हाताऱ्या बापाला मी दुःखाने मृतलोकात लोटीन. या विचारात लोकलज्जा आहे तशी मायाही आहे. दोहोंची सरमिसळ कथाकाराने तशीच ठेवली आहे. त्या क्षणी माणसाच्या मनात उदात्त विचारच यावा, असा त्याचा आग्रह नाही. जो धागा हाती लागेल तो पुरे आहे.

पण येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. साराला बाप आठवला, म्हणून आपणही दुःखिताला ‘आईबापांचा विचार कर’ असे सांगावे, हा बोध या प्रसंगातून निघत नाही. तो विचार साराचा स्वतःचा आहे; तो तिला कोणी ऐकवलेला नाही. बाहेरून ऐकवला असता तर तो दासीच्या बोलण्यासारखाच आणखी एक बोल ठरला असता. शिवाय त्या विचाराने तिचे दुःख सरत नाही. त्याने तिला मिळते ती थोडी उसंत. त्या उसंतीत ती खिडकीकडे हात पसरून प्रार्थना करते.

आणि ही प्रार्थना तरी कशी? तिच्यात धीर नाही, समर्पण नाही. तिची मागणीही मरणाचीच आहे: मला या पृथ्वीवरून सोडव, असे बोल मला पुन्हा ऐकावयास लावू नकोस. सात नवरे गेले; आता मी कशाला जगू? मात्र शेवटी एक वाक्य येते. माझे प्राण घेणे तुला बरे वाटत नसेल, तर माझी ही मानहानी तरी ऐकून घे. माझ्या मते सबंध ग्रंथाचा कणा या ‘जर’मध्ये आहे. जगण्याची इच्छा त्यात नाही. पण आपल्याला न सुचलेला एखादा मार्ग असू शकेल, एवढी फट त्यात आहे. मरणाची इच्छा असलेल्या माणसाचे मन बहुधा असेच दुभंगलेले असते. त्याला जीव द्यावयाचा असतो आणि त्याच वेळी कोणी तरी आपले ऐकावे असेही वाटत असते. कथाकाराने ते दुभंगलेपण एका वाक्यात पकडले आहे.

पवित्र शास्त्रात असे मागणे मागणारी सारा एकटी नाही. रतामाच्या झुडपाखाली बसलेला एलिया मरण मागतो; योना मागतो; इयोब आणि यिर्मया आपल्या जन्मदिवसाला शाप देतात. यांपैकी कोणालाही परमेश्वराने या मागण्याबद्दल टाकून दिलेले नाही. एलियाला तर आधी झोप मिळते, मग भाकरी आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकरी; बोलणे त्यानंतर. सारा मात्र या सर्वांहून वेगळी आहे. ती संदेष्टा नाही, विद्वान नाही. चारचौघांच्या घरातील एक मुलगी आहे. म्हणूनच ती आपल्याला अधिक जवळची वाटावयास हवी होती.

संहितेतून गळालेला प्रसंग

मग ती आपल्यापासून दूर का राहिली? याचे एक कारण ग्रंथाच्या संहितेच्या इतिहासातच आहे, आणि ते उद्बोधक आहे.

तोबीतचा ग्रंथ ग्रीक भाषेत एकाहून अधिक पाठांत उपलब्ध आहे. त्या पाठांत साराच्या मनातील आत्मघाताचा विचार स्पष्ट शब्दांत आहे. संत जेरोम यांनी या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले ते एका खाल्डी भाषेतील प्रतीवरून. दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका जाणकाराच्या साहाय्याने एका दिवसात हे काम उरकल्याचे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. या भाषांतरात हा प्रसंग निराळा आहे. दासीचे बोल ऐकून सारा माडीवर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री अन्नपाणी वर्ज्य करून अश्रू ढाळीत प्रार्थना करते. गळफासाचा विचार तेथे नाहीच. तो जेरोम यांच्या हातच्या प्रतीत नव्हता, की त्यांना तो नको वाटला, या वादात आपल्याला शिरावयाचे नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. हेच भाषांतर व्हल्गेट म्हणून पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत शतकानुशतके वाचले गेले आणि १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याला प्रमाण मानले. इतक्या पिढ्यांच्या वाचकांना उपवास करणारी भक्त सारा भेटली; हताश सारा भेटली नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९५२ साली कुम्रान येथील चौथ्या गुहेत या ग्रंथाचे अरामी आणि हिब्रू भाषांतील तुकडे सापडले आणि मोठ्या ग्रीक पाठाचे महत्त्व वाढले. १९७९ साली रोमने प्रसिद्ध केलेल्या नव्या व्हल्गेटमध्ये साराचा तो विचार पुन्हा जागेवर आला आहे. ख्रिस्तसभेच्या नियमांतही याच काळात बदल झाला. १९१७ सालच्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्याला धर्मविधीपूर्वक दफन नाकारलेले होते. १९८३ सालच्या संहितेत ते कलम राहिले नाही. १९९२ साली प्रकट झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्वच्छ सांगितले आहे की गंभीर मानसिक व्याधी, तीव्र यातना किंवा भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. जीवन हे देवाचे दान आहे ही शिकवण कायम आहे. दुःखिताकडे पाहण्याची दृष्टी अधिक करुणामय झाली आहे. संहितेत सारा परत आली. आपल्या घरांतील बोलण्यात ती अजून आलेली नाही.

रगुएलने खणलेली कबर

आधार कसा येतो, हे कथाकाराने मोठ्या कौशल्याने दाखविले आहे. दोन्ही प्रार्थना एकाच वेळी देवाच्या सन्निध ऐकल्या जातात आणि दोघांना बरे करण्यासाठी रफाएल देवदूताला पाठविले जाते. हे सर्व तिसऱ्या अध्यायातच सांगून टाकल्यामुळे कथेतील उत्कंठा कमी होते, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. मदत निघाली आहे हे वाचकाला कळते, तोबीतला आणि साराला कळत नाही. त्यांच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. निवेदक फक्त एवढेच सांगतो की त्याच वेळी तोबीत अंगणातून घरात आला आणि सारा माडीवरून खाली उतरली. ही उतरण या ग्रंथातील सर्वांत मोठी घटना आहे, असे मी मानतो. दासी तीच, घर तेच, लोकांची तोंडे तीच. तरी ती खाली उतरली. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना ती उतरली.

यानंतर कितीतरी काळ सारा आपल्याला दिसत नाही. दिसतो तो तोबीतच्या दारी आलेला एक वाटाड्या. त्याचे नाव अझऱ्या. रोजची मजुरी एक द्राख्मा. हाच रफाएल, पण त्याला पंख नाहीत, तेजोवलय नाही. आंधळा तोबीत त्याला म्हणतो, मला कसला आनंद राहिला आहे, मी जिवंतपणी मेल्यासारखाच आहे. तो म्हणतो, धीर धरा. मग तरुण तोबिया त्याच्याबरोबर निघतो, मागोमाग घरचे कुत्रेही निघते. नदीत मासा सापडतो आणि त्याचे पित्त औषध म्हणून राखून ठेवले जाते. देवाने पाठविलेली मदत मजुरी ठरवून येते, पायी चालत येते, औषध घेऊन येते. ज्यांना श्रद्धा आणि उपचार यांत विरोध दिसतो त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. वैद्याचा मान राखा, तोही परमेश्वराचीच योजना आहे, असे बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायातही सांगितलेले आहे.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. अस्मोदेव नवऱ्यांना मारतो. पण साराच्या मनातील मरणाचा विचार त्याने घातला, असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही. सारा झपाटलेली नाही. ती दुःखाने आणि अपमानाने खचलेली आहे. उदास माणसाला लागिराचे उपाय करवीत ठिकठिकाणी फिरविणाऱ्यांना या ग्रंथाचा आधार घेता येणार नाही.

साराच्या आईवडिलांचे चित्रण तर मर्मभेदक आहे. आई एदना लेकीला वधूच्या खोलीत नेताना रडते, मग डोळे पुसून तिला धीर देते. बाप रगुएल रात्री उठतो, चाकरांकडून कबर खणवून घेतो. जावई मेला असेल तर कोणाला कळण्यापूर्वी पुरून टाकू, म्हणजे लोक हसणार नाहीत, असा त्याचा हिशेब आहे. ज्या बापाची लोकांत नाचक्की होऊ नये म्हणून सारा माडीवर थबकली, तोच बाप नाचक्कीच्या भयाने अंधारात कबर खणतो आहे. मुलगी आपले दुःख बापापासून लपविते, बाप आपले भय मुलीपासून लपवितो, आणि दोघेही एकाच छताखाली राहतात. दुष्ट असे कोणीच नाही. प्रत्येक जण प्रेमापोटी गप्प आहे.

हा प्रसंग वाचताना मला एक सांत्वनाची भेट आठवते. एका ओळखीच्या घरातील तरुण मुलगा गेला होता. कसा गेला हे खोलीतील प्रत्येकाला ठाऊक होते. निघताना त्याच्या आईने माझा हात धरला आणि हळूच म्हटले, “कोणी विचारलं तर पोटाचं दुखणं होतं एवढंच सांग, बाळा.” मी मान हलविली आणि रस्ताभर तेच सांगत आलो. रगुएलच्या कबरीवर मीही मूठभर माती लोटली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

ग्रंथात पुढे काय होते? दासी दिवा घेऊन आत डोकावते. दोघे शांत झोपलेली असतात. रगुएल देवाचे आभार मानतो आणि उजाडण्यापूर्वी कबर बुजविण्याची आज्ञा देतो. मग चौदा दिवसांची मेजवानी. लग्नात आपण जे ‘आमेन’ ऐकतो, ते या उघड्या कबरीच्या काठावरचे आहे.

उणीव आणि उपकार

या ग्रंथाला मर्यादाही आहेत. तिसऱ्या अध्यायात इतक्या उत्कटपणे बोलणारी सारा पुढे जवळजवळ मुकी होते. तिचे दुःख विवाहाने सुटते. त्या काळच्या कथाकाराला दुसरा मार्ग दिसला नसावा. आजच्या उदास मुलीचे ‘लग्न करून द्या, ठीक होईल’ असा सल्ला कोणी या ग्रंथावरून देईल, तर तो घातक ठरेल. सारा बरी होते ती केवळ नवरा मिळाल्याने नव्हे. तिच्या माडीवरच्या एकटेपणात एकामागून एक माणसे येत गेल्याने. तोबियाही भयमुक्त नाही. मी मेलो तर आईबापांना दुःखाने कबरीत लोटीन, असे तो वाटेत म्हणतो. हे जवळपास साराचेच शब्द आहेत. दोन भ्यालेली माणसे एकमेकांना आधार देतात, हे या विवाहाचे खरे सौंदर्य आहे.

आपल्यासाठी यातून एवढे तरी घेता येईल. घरातले कोणी गप्प गप्प राहू लागले, निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर त्याला जवळ बसवून स्पष्ट विचारावे: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट बोलावयास वाट मिळते. मग उपदेश न करता ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. कायद्याचे भय आता आड येऊ नये. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०२२ सालापासून ‘टेली-मानस’ ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर सुरू झाली आहे. देवदूत अझऱ्याच्या रूपाने येऊ शकतो, तर तो दूरध्वनीवरच्या अनोळखी आवाजातूनही येऊ शकेल.

ग्रंथाच्या शेवटाकडे एक दृश्य आहे. दृष्टी परत आलेला तोबीत सुनेला सामोरा जाण्यासाठी निनवेच्या वेशीपर्यंत चालत जातो. कोणी हात न धरता तो चालतो हे पाहून लोक थक्क होतात. तो साराला आशीर्वाद देतो आणि लेकी, ये, असे म्हणून घरात घेतो. एकाच दिवशी, एकमेकांना न ओळखता, मरण मागितलेली ही दोन माणसे वेशीवर समोरासमोर उभी आहेत. त्या दिवशी आपल्याबरोबर आणखी कोणी तेच मागत होते, हे तोबीतला अजून ठाऊक नाही. पुढे रफाएल ते सांगतो. पुढच्या वेळी लग्नाच्या मिस्सेत हे वाचन ऐकताना, आपल्या शेजारच्या बाकावर आज माडीवरून उतरून आलेले कोणी बसले असेल, एवढे जरी आपल्या मनात आले, तरी या जुन्या कथाकाराचे काम झाले असे म्हणता येईल.